खावटीचे तीन जन्म

पालघर जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत ‘खावटी’ या शब्दाला गेल्या शतकभरात तीन अर्थ येऊन चिकटले. पहिला सावकाराच्या वहीतला: पावसाळ्यात घरातले धान्य संपले की जमीनदाराकडून पोटापुरते आणलेले आणि भाताची कापणी झाल्यावर दीडपटीने, कधी दुपटीने परत करायचे धान्य. दुसरा सरकारी: १९७८ पासून आदिवासी विकास महामंडळामार्फत दिले जाऊ लागलेले ‘खावटी कर्ज’. तिसरा २०२० चा: ‘खावटी अनुदान’, ज्यातून कर्ज हा शब्द गेला आणि परतफेडही गेली. नागरिकांच्या उपासमारीची, आजाराची, बेकारीची आणि म्हातारपणाची जबाबदारी जे राज्य आपल्या तिजोरीवर घेते त्याला कल्याणकारी राज्य म्हणतात, आणि भारतात ते कसे घडत गेले हे पाहण्यासाठी खावटीच्या या प्रवासाइतका नेमका धागा क्वचितच सापडेल. मात्र हा प्रवास जिथे येऊन थांबला त्या ‘अनुदान’ या शब्दात ‘दान’ बसलेलेच आहे. हातात पडणारी वस्तू तीच असेल, तर ती दान म्हणून मिळणे आणि हक्क म्हणून मिळणे यांत फरक काय, हा प्रश्न अर्थशास्त्राआधी धर्मशास्त्राचा आहे.

धर्मशास्त्राने दानाचा विचार फार बारकाईने केला आहे. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने तेराव्या शतकात रचलेल्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या प्रचंड ग्रंथाचा एक संपूर्ण खंड, दानखंड, याच विषयाला वाहिलेला आहे. दाता कोण, देय वस्तू कोणती, काळ आणि स्थळ कोणते, आणि घेणारा कसा असावा, याचा तिथे काटेकोर हिशेब आहे. घेणाऱ्याच्या योग्यतेला शास्त्र ‘पात्रता’ म्हणते. जसे भांडे गळके असेल तर त्यात ओतलेले वाया जाते, तसे अपात्री दिलेले दान निष्फळ ठरते, अशी त्यामागची कल्पना. या व्यवस्थेत दानाचे पुण्य दात्याच्या खात्यावर जमा होते आणि घेणारा हा त्या पुण्याचे साधन असतो. गीतेने सात्त्विक दानाचे लक्षण सांगताना परतफेडीची अपेक्षा न ठेवण्याची अट घातली, म्हणजे दात्याचे मन शुद्ध केले, पण घेणाऱ्याला त्या वस्तूवर आधीपासून काही दावा असू शकतो हा प्रश्न तिथे उपस्थितच होत नाही. दान न देणारा कृपण ठरेल, पापीही ठरेल. पण याचक त्याला पंचांपुढे खेचू शकत नाही. पंचायत समितीच्या फलकावर आज लागणाऱ्या ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ लाभार्थ्यांच्या याद्या वाचताना हेमाद्रीची आठवण व्हावी, इतका हा शब्द आपल्या शासनव्यवहारात जसाच्या तसा उतरला आहे.

दानाशेजारी दुसरा एक विचारही याच किनाऱ्यावर फार पूर्वी कोरला गेला होता. आजच्या पालघर जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या सोपारा या प्राचीन बंदरात अशोकाच्या शिलालेखांचे दोन तुकडे मिळाले: आठव्या लेखाचा १८८२ मध्ये, भगवानलाल इंद्रजी यांना, आणि नवव्याचा १९५६ मध्ये, जवळच्या भुईगाव येथे. आठव्या लेखात राजाच्या धर्मयात्रेचे वर्णन आहे आणि त्यात ब्राह्मण, श्रमण व वृद्ध यांना दिलेल्या दानाचा उल्लेख येतो. नववा लेख वेगळ्या सुरात बोलतो. लोक आजारपणात, लग्नकार्यात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल धर्माचरणात असून दास आणि चाकर यांच्याशी नीट वागणे हा त्याचा पहिला भाग, असा त्याचा आशय आहे. दास नसावेत असे अशोक म्हणत नाही. तरीही लग्नाचा विधी आणि चाकराशी वर्तन या दोन गोष्टी एकाच लेखात शेजारी आल्या आहेत, आणि सोपाऱ्याच्या उत्तरेला डहाणूच्या रानात पुढे ज्या प्रथेने मूळ धरले तिच्यातही या दोनच गोष्टी एकमेकींत अडकलेल्या होत्या.

ती प्रथा म्हणजे लग्नगडी. वारली समाजात लग्नात हुंडा नसतो. उलट वराकडून वधूच्या बापाला ‘देज’ द्यावे लागते. शिवाय भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सुवासिनी, विधी चालवणारी धवलेरी, जमलेले गोत आणि त्या सर्वांचे खाणेपिणे, हा खर्च ज्याच्या कणगीत आषाढापर्यंत पुरेल इतकेही भात नाही त्याच्या आवाक्यातला नव्हता. म्हणून तरुण जमीनदाराकडून लग्नापुरते पैसे घेई आणि त्याबदल्यात त्याच्याकडे राबायला जाई. मजुरी नाही, किंवा असली तरी पोटाला मिळणाऱ्या पसाभर धान्यात जिरलेली. व्याज मात्र चालूच. त्यामुळे मुद्दल कधी फिटत नसे आणि नवऱ्याबरोबर बायकोचे श्रमही त्याच खात्यात जमा धरले जात. मुंबई प्रांतात १९३७ साली आलेल्या बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने आदिवासी भागांच्या पाहणीसाठी नेमलेल्या डी. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने आपल्या अहवालात या लग्नगुलामीची नोंद केली. मनुष्य जन्मतःच देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी असतो आणि गृहस्थाश्रमात प्रजा निर्माण करून तो पितृऋण फेडतो, असे वैदिक परंपरा मानते. इथे गृहस्थाश्रमाच्या उंबरठ्यावरच माणूस एका नव्या ऋणात शिरत होता, आणि त्या ऋणाचा देव गावाच्या मधोमध माडीच्या घरात राहत होता. पैशांची जुळणी होईपर्यंत लग्नविधीवाचूनच एकत्र संसार करायचा आणि विधी पुढे कधीतरी, प्रसंगी मुलांच्या लग्नाबरोबर, उरकायचा, ही या भागातली रीत आजही दिसते. बाहेरच्या माणसाला ती सैल वाटते. लग्नगड्याचा इतिहास ठाऊक असलेल्याला तिच्यात शहाणपण दिसावे.

जमीनदाराकडे जायचे आणखी एक कारण होते वेठ. वेठ म्हणजे कर्ज नसतानाही, फक्त जमीनदाराच्या हद्दीत राहतो म्हणून, बोलावल्या दिवशी फुकट राबणे: नांगरणी, आवणी, लाकूडतोड, आणि मुंबईच्या तबेल्यांकडे जाणाऱ्या गवताची कापणी. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या पुढाकाराने १९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली आणि त्याच वर्षी २३ मे रोजी, तेव्हा उंबरगाव तालुक्यात आणि आज तलासरीत असलेल्या झरी या गावी, सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही, मजुरीशिवाय काम करायचे नाही, लग्नगडी म्हणून कुणी कुणाकडे राहायचे नाही, असे तिथे ठरले. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्या दिवसांचे वर्णन केले असून त्याला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९४५ च्याच १० ऑक्टोबरला, म्हणजे झरीनंतर पाच महिन्यांच्या आत, तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मारले गेले.

झरीच्या ठरावांतली विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की तिथे कुणी कुणाकडे काही मागितले नाही. काही द्या, असा तो सूर नव्हता. आम्ही यापुढे देणार नाही, असा होता. कल्याणकारी राज्याचा इतिहास बहुधा देणाऱ्यांच्या यादीने लिहिला जातो: १८८३ मध्ये जर्मनीत आजारपणाचा विमा आणणारा बिस्मार्क, १९४२ मध्ये ब्रिटनला सामाजिक सुरक्षेचा आराखडा देणारा बेव्हरिज, आणि आपल्याकडे एकामागून एक योजना जाहीर करणारे मुख्यमंत्री. डहाणू–तलासरीपुरता तरी त्याचा आरंभ देण्याच्या नकारात शोधावा लागतो, कारण ज्याच्या श्रमावर दुसऱ्याचा हक्क आहे त्याला दिलेली प्रत्येक मदत शेवटी त्या दुसऱ्याच्याच कोठारात जाते.

संतचरित्रांतली दामाजीपंतांची कथा या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखी आहे. मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली; बेदरहून पकडायला शिपाई आले; तेव्हा विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात गेला आणि धान्याची किंमत चुकती करून पावती घेऊन आला. भक्तांच्या दृष्टीने ही करुणेची परिसीमा आहे आणि तशी ती आहेच. पण कथेची रचना पाहिली तर कोठार बादशहाचे होते हे देवानेही मान्य केले. भुकेल्यांचा त्यावर हक्क होता असे तो म्हणाला नाही, त्याने पैसे भरले. कूळकायद्याने हाच मार्ग धरला. १९४८ च्या कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवशी कूळ जमिनीचे मालक मानले गेले. मात्र शेतजमीन न्यायाधिकरणाने ठरवलेली किंमत हप्त्याहप्त्याने भरल्यावर. त्या जमिनी मुळात कुणाच्या होत्या आणि मालकाकडे कशा गेल्या, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही. वारल्यांच्या श्रद्धेत या प्रश्नाचे उत्तर वेगळे मिळते. तिथे धान्य ही कणसरी, म्हणजे धान्यदेवी. भगत घांगळी वाजवत तिची कथा गातो आणि तिला वाहिल्याशिवाय नवे भात खात नाहीत. धान्य जर कणसरीचे, तर त्याला मालक असू शकतो का, असा प्रश्न कुणी शास्त्री विचारणार नाही. तरी झरीला जमलेल्यांच्या मनात तो कुठेतरी असणार.

संविधानाने झरीच्या अर्ध्या ठरावाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. अनुच्छेद २३ ने वेठबिगार आणि तत्सम सक्तीची मजुरी यांना मनाई केली, आणि या हक्कासाठी नागरिकाला थेट सर्वोच्च न्यायालयात जाता येते. उरलेला अर्धा भाग, म्हणजे ज्या भुकेमुळे माणूस वेठीला जातो तिचे निवारण, मार्गदर्शक तत्त्वांत गेला: काम, शिक्षण आणि संकटकाळातील साहाय्य यांविषयीचा अनुच्छेद ४१, अनुसूचित जाती-जमातींच्या हितसंवर्धनाचा ४६, पोषणमान उंचावण्याचा ४७. मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे राज्याने कारभारात पाळावीत अशी, पण न्यायालयात बजावून घेता येणार नाहीत अशी तत्त्वे. राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांची भाषा ही राजधर्माची भाषा आहे. तिच्यात कर्तव्य आहे, दावा नाही. लग्नगड्याचे आयुष्य मात्र या दोन प्रकरणांत विभागता येत नव्हते, कारण त्याला साखळीने कुणीच बांधले नव्हते, त्याच्या रिकाम्या कणगीने बांधले होते. हे न्यायालयाने ओळखायला १९८२ साल उजाडले. दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी असे ठरवले, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करावे लागणारे काम हीदेखील सक्तीची मजुरी होय, कारण भूक आणि गरिबी यांचा रेटा हीसुद्धा सक्तीच आहे. डहाणूच्या कुठल्याही म्हाताऱ्याला हे नव्याने सांगावे लागले नसते.

दान आणि हक्क यांना वेगळे करणारी एक साधी कसोटी यातून हाती येते: न दिल्याबद्दल देणाऱ्याला काही भोगावे लागते का? महाराष्ट्राची रोजगार हमी योजना या कसोटीला उतरते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली आणि १९७२-७३ च्या दुष्काळात विस्तारलेली ही योजना १९७७ च्या कायद्याने हक्क झाली आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अमलात आला. मागेल त्याला काम, आणि १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता. तिच्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, म्हणजे ज्या मुंबईला डहाणूचे गवत आणि लाकूड गेले तिच्याकडून काही परत येण्याची वाट तयार झाली. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्याचा हा पूर्वज. तरीही त्यात एक जुनी मेख राहिली. इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्याने मदत मागणाऱ्याची स्थिती सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे असा नियम केला होता, म्हणजे ज्याला खरोखर दुसरा आधार नाही तोच दाराशी येईल. भर उन्हात खडी फोडण्याची अट हे त्याच गाळणीचे देशी रूप होते, आणि ती गाळणी पात्रापात्रतेच्याच धाग्याने विणलेली होती.

याच किनाऱ्यावर एक गाळणी उलटी फिरवली गेली. तिची कथा झरीच्याच वर्षात सुरू होते, पण तिथून थोड्याच अंतरावर, बोर्डीला, आणि अगदी वेगळ्या माणसांकडून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ मध्ये ते डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर नेले. बालवाडी थाटली, पण वस्तीतली मुले वेळेवर येत नाहीत, आली तर नियमित येत नाहीत, असा अनुभव आला. यावर मुलेच अपात्र ठरवणे सोपे होते. ताराबाईंनी बालवाडी उचलून मुलांच्या अंगणात नेली. शिक्षिका वस्तीत जाई, मुलांचे हातपाय धुवी, नखे काढी, आणि शेणाने सारवलेल्या अंगणात खडे, पाने, शिंपले मांडून शाळा भरवी. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात कुरणशाळा निघाली. या अंगणातल्या बालवाडीला ‘अंगणवाडी’ हे नाव पडले आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली तेव्हा तिच्या गावोगावच्या केंद्रांना हेच नाव मिळाले. देशभरच्या सरकारी कागदांत आज रुळलेला हा शब्द डहाणू तालुक्याच्या मातीतला आहे. खेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आदिवासी सेवा मंडळ असो वा ताराबाईंची संस्था, ही माणसे सेवाधर्माच्या भाषेत बोलत होती. किसान सभेच्या लाल बावट्याला ती भाषा मवाळ वाटे, आणि तसे वाटण्याला कारणही होते. पण दान घेणारा दात्याच्या दाराशी उभा राहतो हा शिरस्ता अंगणवाडीने मोडला, आणि तो कोणत्याही ठरावाविना मोडला.

आता पुन्हा खावटीकडे. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीनंतर राज्य सरकारने आदिवासी कुटुंबांना चार हजार रुपयांचे खावटी अनुदान जाहीर केले: निम्मे बँकखात्यात आणि निम्मे वस्तूंच्या रूपाने, म्हणजे कडधान्ये, डाळी, साखर, तेल, मीठ, चहापत्ती, मिरची-मसाला. सावकाराच्या मापट्यापासून या पिशवीपर्यंतचे अंतर मोठे आहे, आणि ते कमी लेखणे हा कृतघ्नपणा होईल. परंतु ही पिशवी न मिळाल्यास कुठल्या कलमाखाली दाद मागायची, याला उत्तर नाही; ती शासन निर्णयाने आली, तशीच शासन निर्णयाने थांबू शकते. याउलट २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य देताना ते न दिल्यास भत्ता देण्याची तरतूद केली. दोन्हींत घरात येते ते धान्यच. एक हक्काच्या बाजूला पडते, दुसरे दानाच्या. सरकारी नावे पाहिली तर दानाचे पारडे जड दिसते. आदिवासी सामूहिक विवाहांच्या योजनेला ‘कन्यादान’ म्हणताना हे कुणाच्या लक्षात आले नसावे, की वारल्यांत कन्येचे दान होतच नाही, तिच्यासाठी देज दिले जाते. ‘लाडकी बहीण’मध्ये तर राज्य थेट भावाच्या नात्याने ओवाळणी घालते. ओवाळणी ही निदान बहिणीच्या मानाची गोष्ट. पण ताटात किती पडेल हे भाऊच ठरवतो.

या सर्वांत २००६ चा वनहक्क कायदा वेगळ्या जातीचा आहे. आदिवासींचे जंगलावरील हक्क पूर्वी नीट नोंदले गेले नाहीत आणि त्यातून त्यांच्यावर ऐतिहासिक अन्याय झाला, असे त्याच्या उद्देशिकेतच म्हटले आहे, आणि तो हक्क ‘देत’ नाही, असलेल्या हक्कांना ‘मान्यता’ देतो. मान्यता देणारा दाता नसतो. जुने येणे कबूल करणारा ऋणको असतो. खावटीच्या पहिल्या जन्मात ऋणको वारली होता, इथे राज्य झाले. तलासरीत, डहाणूत वनपट्ट्यांचे दावे दाखल होताना ही उलटापालट रोजच्या कामात मात्र हरवते, कारण छाननीच्या शेवटी शिक्का पुन्हा ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असाच बसतो, दाव्यापेक्षा कमी क्षेत्र मंजूर होते, आणि दावेदार हात जोडून उभा राहतो. तरी कायद्याच्या नियमांत एक जागा अशी आहे जिथे दोन धर्म समोरासमोर येतात. नियम १३ प्रमाणे पुरावा म्हणून दावेदाराव्यतिरिक्त गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब चालतो, आणि त्याबरोबर प्राचीनता दाखवणाऱ्या विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळेही. म्हणून शिवेवरचा वाघदेव, ज्याच्या फळीवर किंवा दगडावर सूर्य, चंद्र आणि वाघ कोरलेले असतात, ज्याला शेंदूर फासून गावाने पिढ्यान्‌पिढ्या पुजले आणि ज्याच्यापाशी कुणी कधी सातबारा मागितला नाही, तो वनहक्क समितीच्या पंचनाम्यात साक्षीदार म्हणून नोंदवता येतो.